एकाच डब्यातले प्लास्टिक

घरातून रोज बाहेर पडणाऱ्या प्लास्टिकमध्ये किमान सहा-सात वेगवेगळी द्रव्ये असतात. पाण्याची आणि थंड पेयाची बाटली ‘पेट’ची, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची. दुधाची पिशवी कमी घनतेच्या पॉलिएथिलीनची. भंगाराच्या बाजारात तिला ‘एलडी’ म्हणतात. शाम्पूची बाटली आणि तेलाचा कॅन जास्त घनतेच्या पॉलिएथिलीनचा, म्हणजे ‘एचडी’चा. हॉटेलातून येणारा पारदर्शक डबा आणि साखरेचे विणलेले पोते पॉलिप्रॉपिलीनचे, बोलण्यात ‘पीपी’चे. नळाचा जुना पाइप आणि काही बाटल्यांवर आवळून बसवलेले वेष्टन पीव्हीसीचे, थर्मोकोल पॉलिस्टायरीनचे. याखेरीज वेफर्सचे चकचकीत पाकीट असते. त्यात दोन-तीन निरनिराळ्या प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मध्ये धातूचा मुलामा असतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणी बाणांत १ ते ७ यांपैकी जो आकडा दिसतो, तो हीच जात सांगतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये ही खूण सुरू केली आणि ती जगभर रूढ झाली. ‘प्लास्टिक’ हा शब्द ‘धातू’ या शब्दाइतकाच ढोबळ आहे, हे त्या आकड्यांवरून कळते. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते तेव्हा ही सगळी द्रव्ये अनेक घरांमधून एकाच पिशवीत, कालच्या भात-आमटीसकट, गाडीत पडतात. त्या एका क्षणी त्यांतल्या बहुतेकांचे पुढचे भवितव्य ठरून जाते.

ते का, हे समजण्यासाठी राजारामपुरीजवळच्या शिवाजी उद्यमनगराचा दाखला उपयोगी पडतो. तिथे बीड ओतणाऱ्या कारागिराला भंगार निवडून घेण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. शिसे किंवा अ‍ॅल्युमिनियम मिसळलेले भंगार भट्टीत गेले, तर ओतकाम बिघडते, हे तो अनुभवाने जाणतो. तरीही लोखंडाला दोन सोयी आहेत. ढिगातून ते चुंबकाने उचलता येते, आणि भट्टीत चुनखडी घातली की माती-राख स्लॅग होऊन वर तरंगते व काढून टाकता येते. प्लास्टिकला चुंबक लागत नाही आणि त्याचा स्लॅगही होत नाही. वितळलेल्या लगद्यातला कचरा लगद्यातच राहतो. फार तर बारीक जाळीतून लगदा दाबून घन कण अडवता येतात; जे त्या उष्णतेला वितळते किंवा विरघळते ते जाळीतून पुढे जाते.

शिवाय निरनिराळी प्लास्टिके एकत्र वितळवली तरी एकजीव होत नाहीत. त्यांचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात आणि एका जातीची साखळी दुसरीत सहसा मिसळत नाही. तेल-पाणी घुसळून ठेवावे तसे एकाचे थेंब दुसऱ्यात अडकून राहतात, आणि थंड झालेली वस्तू त्या सीमारेषांवरच तडकते. एलडी आणि पीपी दिसायला, हाताला सारखी वाटतात, दोन्ही पाण्यावर तरंगतात. पण त्यांच्या मिश्रणाची बादली कडीपाशी लवकर तुटते. वितळण्याच्या तापमानांतही मोठी तफावत असते. एलडी ११० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन वाहू लागते, पीपीला १६५ अंशांपर्यंत जावे लागते आणि पेटला २५० अंश तरी लागतात. पेट वितळवण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. हे आम्ल पेटच्या साखळ्या तोडते, यंत्राचे पोलाद खाते आणि पारदर्शक मालात काळे ठिपके सोडते. पेटच्या दहा हजार तुकड्यांत पीव्हीसीचा एखादा तुकडाही जाणवण्याइतके नुकसान करतो. दोघेही पाण्यात बुडतात, म्हणून पाण्याच्या हौदात ते वेगळे होत नाहीत. ज्या बाटलीवर पीव्हीसीचे वेष्टन आवळलेले असते, ती बाटली आपला घात स्वतःबरोबरच घेऊन येते. उलट बाटलीचे बूच पीपी किंवा एचडीचे असल्यामुळे चुरा केल्यावर हौदात वर तरंगते आणि सहज काढता येते. बूच लावलेली बाटली भंगारात दिली म्हणून काही बिघडत नाही.

रंगाचाही प्रश्न याच मिसळण्यातून उभा राहतो. निळी, पिवळी, हिरवी, छापील प्लास्टिके एकत्र वितळली की लगदा मळकट तपकिरी-करडा होतो. तो लपवायला काजळी घालून काळा करावा लागतो. बाजारातल्या स्वस्त बादल्या, कुंड्या, पाइप आणि कचऱ्याच्या पिशव्या काळ्याच का असतात, याचे मुख्य कारण हे आहे. काळ्याचा परत पांढरा होत नाही. प्रत्येक वितळण्यात साखळ्याही थोड्या तुटतात, म्हणून पुनर्प्रक्रियेतून निघालेल्या प्लास्टिकच्या दाण्यात नवा दाणा मिसळावा लागतो. जात आणि रंग सांभाळून गोळा केलेल्या पेट बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते किंवा चांगला धागा होतो. तीच बाटली मिसळलेल्या ढिगात गेली, तर तिची पायरी उतरते आणि तिथून ती वर चढत नाही.

मिश्र संकलन हे नाव दोन निरनिराळ्या पद्धतींना दिले जाते आणि त्यामुळे चर्चेत गोंधळ होतो. अमेरिका-युरोपात त्याचा अर्थ असा, की कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक हा सगळा सुका, परत वापरण्याजोगा माल घराने एका डब्यात टाकायचा आणि कारखान्याने निवडायचा. ओला कचरा आणि टाकाऊ कचरा तिथे निराळ्या डब्यात असतो. आपल्याकडे मिसळते ते याच्याही आधीच्या पायरीवर: ओले आणि सुके.

अमेरिकेत एका डब्याची पद्धत १९९० च्या दशकात, प्रामुख्याने कॅलिफोर्नियातून, पसरली. तिच्या बाजूने सबळ कारणे होती. घराला सोपे, एकच गाडी, यांत्रिक हाताने डबा उचलण्याची सोय आणि त्यामुळे कमी मजूर. जमा होणाऱ्या मालाचे वजनही वाढले. पण ढीग वाढला तसा त्याचा कस उतरला. निवडीच्या कारखान्यात फिरत्या चकत्यांवरून कागद वर सरकतो आणि बाटल्या खाली घरंगळतात. गाडीत दाबून चपट्या झालेल्या बाटल्या मात्र कागदासारख्या वागतात आणि कागदाच्या गठ्ठ्यात जातात. पातळ पिशव्या चकत्यांच्या दांड्यांना गुंडाळल्या जातात, आणि यंत्र थांबवून त्या सुरीने कापून काढाव्या लागतात. फुटलेल्या काचेचे कण सगळीकडे रुततात. अवरक्त किरणांनी प्लास्टिकची जात ओळखणारी यंत्रे आली, ती झपाट्याने निवडतात. पण काजळी घातलेले काळे प्लास्टिक ते किरण शोषून घेते, त्यामुळे यंत्राला दिसतच नाही. काळ्या प्लास्टिकवर अशी दुहेरी आपत्ती येते: मिसळल्यामुळे काळे करावे लागते आणि काळे झाल्यामुळे पुन्हा निवडता येत नाही.

या कमअस्सल गठ्ठ्यांना बरीच वर्षे चीनमध्ये गिऱ्हाईक होते. तिथे स्वस्त मजुरीवर हाताने पुन्हा निवड होई. चीनने २०१७ मध्ये ही आयात बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१८ पासून अनेक प्रकारच्या भंगारात अर्ध्या टक्क्याहून अधिक भेसळ चालणार नाही अशी मर्यादा घातली. ती गाठणे एका डब्यातून आलेल्या मालाला जवळजवळ अशक्य होते. अनेक अमेरिकी शहरांनी मग तो माल पुरला किंवा जाळला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबानुसार २०१८ मध्ये तिथल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी ८.७ टक्के पुनर्प्रक्रियेत गेला, तर पेटच्या बाटल्या-बरण्यांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या पुढे होते. एकाच देशातल्या या दोन आकड्यांमधले अंतर बोलके आहे. जी वस्तू ओळखता येते, वेगळी काढता येते आणि एकाच जातीची असते, ती परत येते. सगळा दोष एका डब्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. नव्या प्लास्टिकची स्वस्ताई आणि थरांची पाकिटे यांचाही त्यात मोठा वाटा आहे. जर्मनीत २००३ पासून बहुतेक एकवेळच्या पेय-बाटल्यांवर ठेव घेतली जाते. ती आता २५ युरो-सेंट आहे आणि बाटली दुकानात परत दिली की मिळते. तिथे अशा ९५ टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात, आणि त्या कचऱ्याच्या डब्यात कधी पडलेल्याच नसतात.

ओल्या-सुक्याच्या मिसळण्याचे नुकसान निराळ्या प्रकारचे आहे आणि आपल्या शहरांना तेच अधिक भोवते. भारतीय घराच्या कचऱ्यात वजनाने निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ओला असतो. अर्ध्या लिटर दुधाची रिकामी पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची असते. तिच्यात एक चमचा दूध राहिले, तर पिशवीच्या वजनापेक्षा दुधाचेच वजन जास्त होते, आणि ते दूध दुसऱ्या दिवशी नासते. पन्नास मायक्रॉन जाडीच्या अशा पिशव्या एक किलो भरेपर्यंत पसरल्या, तर दोन्ही बाजू मिळून चाळीस चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग होतो. एखाद्या लहान फ्लॅटच्या सगळ्या फरशीएवढा हा पसारा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या शाम्पूच्या बाटल्यांचा एक किलो घेतला, तर धुवायचा पृष्ठभाग त्याच्या एकविसाव्या हिश्शाएवढा असतो. म्हणून मळलेली बाटली कशीबशी धुऊन निघते. मळलेली पिशवी धुणे कुणालाच परवडत नाही. पाणी, साबण, वाळवण्याची वीज आणि नंतर त्या घाण पाण्याची विल्हेवाट यांचा खर्च दाण्याच्या किमतीहून वर जातो.

कोल्हापुरात या हिशेबात एक स्थानिक भर पडते. तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीचा कट पार्सल नेताना पातळ पिशवीत बांधून मिळतो. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो आणि पॉलिएथिलीन तेलाला जवळचे असते. तो रंग पिशवीच्या वर बसत नाही, तिच्या आत मुरतो. घरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याला आमटीचा डाग पडला की तो घासून जात नाही, ते याच कारणाने. अशी पिशवी दुधाच्या स्वच्छ पिशव्यांत मिसळली, की पूर्ण गठ्ठ्याला वास आणि रंग लागतो. गाडीत कचरा दाबला गेला की ओल्यातला रस कागद-प्लास्टिकच्या घडीघडीत शिरतो. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर ढीग वाळतच नाही.

महाराष्ट्रातल्या घरांना वेगळे ठेवण्याची सवय कायद्यामुळे लागलेली नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवायच्या, वर्तमानपत्रांची घडी घालून ठेवायची आणि महिन्याकाठी रद्दीवाल्याला द्यायची, ही दोन पिढ्यांपूर्वीची रोजची रीत आहे. भंगारवाल्याची हातगाडी म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी मोजून घेणारे, दारात येणारे निवड-केंद्रच. जे घर विकत नाही ते कचरावेचक स्त्रिया उचलतात. बोटांना लागणारा कडकपणा, चुरगळल्यावर येणारा आवाज, घडीवर पडणारी पांढरी रेघ यांवरून त्या जात ओळखतात. त्यांच्याकडून माल छोट्या दुकानात, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग दाणा पाडणाऱ्या कारखान्यात जातो. प्रत्येक टप्प्यावर निवड अधिक बारीक होते. भारतात पेट बाटल्यांचे परत येण्याचे प्रमाण चांगले आहे, त्याचे श्रेय या साखळीला द्यायला हवे. ते श्रेय तिला क्वचितच दिले जाते, याची खंत वाटावी अशी स्थिती आहे.

पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारा कामगार आहे, ही तिची मूळ मागणी होती. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. या रचनेतला अर्थव्यवहार महत्त्वाचा आहे. दारातून कचरा घेणारी व्यक्तीच त्यातला सुका माल विकते, त्यामुळे तो कोरडा आणि वेगळा मिळावा यात तिचे रोजचे उत्पन्न गुंतलेले असते. ओल्यात सुके घालणाऱ्या घराशी ती वाद घालते, पुन्हा पुन्हा सांगते आणि बहुधा पटवते. याउलट जिथे वाहतुकीचा मोबदला टनावर ठरतो, तिथे ओला-सुका मिसळून गाडी जड होण्यात कोणाचेच नुकसान नसते. संकलनाची पद्धत ठरवताना गाडीचा रंग, डब्यांची संख्या यांवर बरीच चर्चा होते. कोणाला कशाचे पैसे मिळतात यावर व्हायला हवी तितकी होत नाही. कोल्हापुरातही कचरावेचक महिलांना संघटित करण्याचे काम ‘अवनि’ संस्थेने केले आहे. त्या अनुभवाचा उपयोग शहराच्या व्यवस्थेत पूर्णपणे व्हायला हवा.

कायद्याने हा विषय पुष्कळदा हाताळला. अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००० मध्ये घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा असे तीन भाग घरातच करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. केंद्राने पिशवीची किमान जाडी २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉन केली. जाडीच्या अटीमागे वेचकाचाही विचार आहे: एक किलो भरायला पातळ पिशव्या शेकडो वेळा वाकून उचलाव्या लागतात, जाड थोड्याच. २०२२ मध्ये उत्पादकांवर जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बाटल्या-डब्यांसारख्या कडक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्प्रक्रियेचे प्लास्टिक वापरण्याचे लक्ष्य ठरले. असे लक्ष्य गाठायला शुद्ध माल लागतो. मिसळलेल्या ढिगातून खाद्यपदार्थाच्या बाटलीसाठी दाणा बनवणे ही फार महागडी आणि जोखमीची गोष्ट आहे.

लहान शहरांनी या बाबतीत मोठ्यांना धडा घालून दिला आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेत रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेगळा केलेला कचराच उचलायचा, हे धोरण निष्ठेने राबवले गेले. कचऱ्याचे डंपिंग ग्राउंड नाहीसे झाले आणि ती जागा पाहायला लोक येऊ लागले. निवडलेल्या प्लास्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात वापरला गेला. पणजी महापालिकेने निवडीची केंद्रे वस्त्यांजवळ नेली आणि कचरा १६ प्रकारांत वेगळा करण्यापर्यंत मजल मारली. दोन्ही ठिकाणी यंत्र नंतर आले. आधी दारातली शिस्त आली.

कोल्हापूर शहरात रोज दोनशे टनांच्या आसपास कचरा निघतो आणि कसबा बावड्याजवळच्या ‘झूम’ प्रकल्पाच्या जागेवर साठलेले त्याचे डोंगर शहराने वर्षानुवर्षे पाहिले आहेत. जुना ढीग खणून चाळला की माती, दगड आणि चिंध्यांसोबत सर्वात जास्त डोळ्यांत भरतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्या पुन्हा पिशव्या होण्याच्या लायकीच्या उरलेल्या नसतात. वाळवून, दाबून त्यांचे जळण करायचे आणि सिमेंटच्या भट्टीला पाठवायचे, एवढाच मार्ग राहतो. जाळून उष्णता मिळवणे उघड्यावर पेटवण्यापेक्षा निश्चित बरे, पण त्याला पुनर्प्रक्रिया म्हणणे चूक आहे, कारण द्रव्य एकदाच वापरून संपते. जे ढिगापर्यंतही पोहोचत नाही ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर काठच्या झुडपांवर, कुंपणांवर लटकलेल्या पिशव्या पाणी कुठवर चढले होते ते दाखवत होत्या.

वेगळे केल्याने सगळे सुटते असे मानणेही बरोबर नाही. वेफर्सचे, गुटख्याचे, शाम्पूच्या पुडीचे थरांचे वेष्टन कितीही स्वच्छ ठेवले, तरी त्याला भंगारात भाव नाही. तो प्रश्न घराच्या दारात सुटत नाही, वेष्टन बनवणाऱ्याच्या दारातच सुटेल. सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात टाकले, तर निवड करणाऱ्या स्त्रीच्या हातांना त्याची बाधा होते. ते कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळेच द्यावे लागतात. एक डबा सोपा असतो हा युक्तिवादही खरा आहे. फक्त ती सोय घराला मिळते आणि तिचा खर्च उघड्या हातांनी ढीग उपसणाऱ्या स्त्रिया भरतात, हे त्याच्यासोबत सांगायला हवे.

राजारामपुरीतल्या घरांना यातले करण्यासारखे काम दिवसाला पाच मिनिटांचे आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून तुकडा पाडू नये, नुसती चीर द्यावी. तुटलेला कोपरा कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यात खळबळून वाळत घालावी. बाटल्यांची आणि पिशव्यांची मिळून एक पिशवी निराळी बांधावी. रस्सा, मिसळ आणायला घरचा डबा न्यावा. आणि सुक्याची पिशवी घंटागाडीत टाकण्याआधी, गल्लीत कचरा वेचायला येणाऱ्या बाईला हाक मारून ती तिच्या हातात द्यावी.